भाड्याचे घर शोधताना : आकार, खर्च आणि करारनामा

अन्न आणि वस्त्र यांच्याबरोबरच निवारा ही माणसाची मूलभूत गरज आहे, हे आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. परंतु मुंबई आणि तिच्या परिसरात ही गरज भागवणे किती अवघड झाले आहे, याची जाणीव घर शोधायला निघाल्यावरच होते. लग्न होऊन नवा संसार थाटणारी जोडपी, नोकरीनिमित्त पुण्याला किंवा अंधेरी-ठाण्याला जाणारे तरुण, जुने घर पाडून नवे बांधेपर्यंत तात्पुरता आसरा शोधणारी कुटुंबे आणि वाडीतील घर भावाभावांत अपुरे पडू लागल्यामुळे बाहेर पडणारे धाकटे बंधू, या सर्वांसमोर पहिला प्रश्न उभा राहतो तो भाड्याच्या घराचा. दुसरीकडे आपल्या वसईतील अनेक कुटुंबांनी उत्पन्नाचे साधन म्हणून एखादी सदनिका वा चार खोल्या भाड्याने दिलेल्या आहेत. त्यामुळे हा विषय भाडेकरूंइतकाच घरमालकांच्याही जिव्हाळ्याचा आहे.

घर भाड्याने घेताना होणारी फसवणूक बहुधा अज्ञानातून होते. किती क्षेत्रफळाच्या घराला साधारण किती भाडे पडते, हाती किती रोख रक्कम असावी लागते, करारनामा कोणी नोंदवायचा, इमारत अधिकृत आहे की नाही हे कसे पाहायचे, या चार गोष्टी ठाऊक असतील तर अर्धे संकट टळते. प्रस्तुत लेखात वसई ते मुंबई हा पट्टा नजरेसमोर ठेवून या गोष्टींची क्रमाने माहिती करून घेऊ या.

घराचा आकार कसा समजून घ्यावा?

दलालाच्या तोंडी असणारे शब्द सर्वप्रथम समजून घेतले पाहिजेत. 'वन आरके' म्हणजे एक खोली व स्वयंपाकघर, 'वन बीएचके' म्हणजे एक शयनगृह, बैठकीची खोली व स्वयंपाकघर, आणि 'टू बीएचके' म्हणजे हेच सारे दोन शयनगृहांसह. या नावांवरून खोल्यांची संख्या कळते, परंतु प्रत्यक्ष जागा किती हे कळत नाही. मुंबईच्या परिसरात वन आरके बहुधा २०० ते ३०० चौरस फूट, वन बीएचके ३५० ते ४५० चौरस फूट, टू बीएचके ५५० ते ७०० चौरस फूट आणि थ्री बीएचके ८५० चौरस फुटांच्या पुढे असते. हे आकडे कार्पेट क्षेत्राचे, म्हणजे घराच्या आत प्रत्यक्ष वापरता येणाऱ्या जागेचे आहेत.

जाहिरातीत मात्र पुष्कळदा 'बिल्टअप' किंवा 'सुपर बिल्टअप' क्षेत्र सांगितले जाते. त्यात भिंतींची जाडी, जिना, लिफ्ट, इमारतीची प्रवेशिका यांचा वाटा मिसळलेला असतो. ६०० चौरस फूट म्हणून सांगितलेले घर आत गेल्यावर ४०० फुटांचे भरते, ते याच कारणाने. केंद्र सरकारच्या २०१६च्या स्थावर संपदा अधिनियमाने, ज्याला आपण 'रेरा' म्हणून ओळखतो, कार्पेट क्षेत्राची व्याख्या निश्चित केली आहे. बाहेरच्या भिंती, केवळ त्या घरासाठी असलेली बाल्कनी व गच्ची यांचे क्षेत्र त्यात धरले जात नाही. आतील भिंतींचे मात्र धरले जाते. ही व्याख्या घरांच्या विक्रीसाठी केलेली असली तरी भाड्याचे घर पाहतानाही 'कार्पेट किती?' हाच प्रश्न विचारावा. शंका वाटल्यास मोजपट्टी घेऊन जाण्यात संकोच मानू नये. आपले कपाट, पलंग आणि फ्रीज त्या खोलीत मावतील की नाही, हे सामान टेम्पोतून उतरवल्यावर कळून उपयोग नाही.

आकारानुसार साधारण भाडे

भाडे हे जागेच्या आकाराइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, स्थानकापासूनच्या अंतरावर अवलंबून असते. इमारतीचे वय, लिफ्ट, पाण्याची सोय, वाहनतळ, घरात बसवलेले फर्निचर यांनीही त्यात फरक पडतो. खाली दिलेले आकडे अलीकडच्या काळात मागितल्या जाणाऱ्या भाड्याचे ढोबळ अंदाज आहेत. घर प्रत्यक्ष पाहताना त्याहून थोडे कमी वा अधिक भाडे ऐकावयास मिळेल, हे ध्यानात ठेवावे.

वसई पश्चिमेला वन आरके साधारण ७ ते १० हजार रुपये, वन बीएचके ११ ते १६ हजार आणि टू बीएचके १६ ते २५ हजार रुपये महिना या दराने मिळते. विरार पश्चिमेला वन बीएचके ९ ते १३ हजारांत, तर टू बीएचके १२ ते १८ हजारांत मिळू शकते. नालासोपारा पूर्वेला याहून स्वस्त घरे आहेत. तेथे वन बीएचके ६ ते ९ हजारांतही मिळते. मात्र तेथील स्वस्ताईमागील एका गंभीर कारणाचा विचार पुढे करावयाचा आहे.

खाडी ओलांडली की भाडे एकदम चढते. मीरा रोडला वन बीएचकेसाठी १७ ते २४ हजार आणि टू बीएचकेसाठी २५ ते ३८ हजार रुपये मोजावे लागतात. बोरिवली-कांदिवलीत वन बीएचके २७ ते ३८ हजार, तर टू बीएचके ४० ते ६० हजारांच्या घरात जाते. वांद्र्यात टू बीएचकेचे भाडे लाखाच्या आसपास वा त्याहून पुढे असते. पुण्यातील हिंजवडी-वाकड परिसरात, जिथे संगणक क्षेत्रातील आपले अनेक तरुण-तरुणी राहतात, वन बीएचके १६ ते २२ हजार आणि टू बीएचके २४ ते ३५ हजार असे दर आढळतात. एकट्या व्यक्तीला हे परवडत नाही. म्हणून तिघे-चौघे मिळून एक टू बीएचके घेतात आणि भाडे वाटून घेतात. असे करताना सर्वांची नावे करारनाम्यात असावीत. एकाच्याच नावावर करार असला आणि तो नोकरी बदलून निघून गेला तर उरलेल्यांना त्या घरात राहण्याचा लेखी आधार राहत नाही.

या आकड्यांकडे पाहिल्यावर वसई-विरारमध्ये एवढी दाट वस्ती का झाली, हे वेगळे सांगावे लागत नाही. विरार ते चर्चगेट हे अंतर सुमारे ६० किलोमीटर आहे आणि जलद गाडीनेही जाण्यास साधारण दीड तास लागतो. बोरिवलीचे आणि विरारचे वन बीएचके यांच्या भाड्यातील महिन्याकाठची १८ ते २५ हजारांची तफावत म्हणजे रोजच्या या जादा प्रवासाची किंमत होय. मुले लहान असतील, घरी आजारी आईवडील असतील, तर ही किंमत पैशांत मोजता येत नाही. म्हणून घर निवडताना केवळ भाडे न पाहता भाडे, प्रवासाचा वेळ, शाळा आणि दवाखाना यांची एकत्र मांडणी करावी. हाती येणाऱ्या पगाराच्या एक तृतीयांशाहून अधिक रक्कम भाड्यात जाऊ नये, हा एक व्यवहार्य नियम आहे. ३६ हजार रुपये हाती येत असतील तर १२ हजारांच्या आतील घर पाहावे. त्यापुढे गेल्यास मुलांची फी आणि औषधपाणी यांना कात्री लागते.

पहिल्या दिवशी किती पैसे लागतात?

भाडे १३ हजार म्हणून १३ हजार खिशात घालून घर मिळत नाही. अनेक तरुण जोडप्यांची गणिते इथेच चुकतात आणि ऐनवेळी जास्त व्याजाने कर्ज काढावे लागते. म्हणून एक उदाहरण नीट मांडून पाहू.

समजा, वसई पश्चिमेला वन बीएचके घेतले. भाडे १३ हजार, अनामत रक्कम म्हणजे डिपॉझिट ५० हजार आणि करार ११ महिन्यांचा. अनामत ५०,००० रुपये. पहिल्या महिन्याचे आगाऊ भाडे १३,००० रुपये. दलालाची दलाली प्रथेप्रमाणे एका महिन्याच्या भाड्याइतकी, म्हणजे १३,००० रुपये. आता करारनाम्याचा खर्च. महाराष्ट्रात निवासी जागेच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के आकारले जाते. ते करारकाळातील एकूण भाडे आणि परत मिळणाऱ्या अनामत रकमेवरील दरसाल १० टक्के दराने काढलेले व्याज यांच्या बेरजेवर असते. ११ महिन्यांचे भाडे १,४३,००० रुपये, अनामत रकमेवरील ११ महिन्यांचे व्याज सुमारे ४,५८३ रुपये, बेरीज १,४७,५८३ रुपये, तिचे ०.२५ टक्के म्हणजे सुमारे ३७० रुपये. महापालिका क्षेत्रात नोंदणी फी १,००० रुपये आहे, ग्रामीण भागात ५०० रुपये. करार तयार करून ऑनलाइन नोंदवून देणाऱ्याचे शुल्क दीड हजार रुपये धरले आणि टेम्पो व हमालीचे ४ हजार धरले, तर एकूण रक्कम सुमारे ८३ हजार रुपये होते. त्यातील ५० हजार पुढे परत मिळावयाचे आहेत; उरलेले ३३ हजार खर्चच झाले.

यातील एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. करार नोंदवण्याचा सरकारी खर्च जेमतेम १,४०० रुपये आहे. 'नोंदणी महाग पडते, साध्या स्टँपपेपरवर नोटरी करून टाकू,' असे सांगणारा मालक वा दलाल भेटला तर हा हिशोब त्याच्यासमोर ठेवावा. ८३ हजारांच्या व्यवहारात एवढी रक्कम वाचवून आपण कायद्याचे संपूर्ण संरक्षण गमावत असतो.

दलालीबाबतही आधीच बोलून घ्यावे. करार पुढे वाढवताना काही दलाल पुन्हा पूर्ण महिन्याची दलाली मागतात. घर तेच, मालक तोच आणि भाडेकरू तोच असताना ही रक्कम देण्याविषयी आधी काहीच ठरलेले नसेल तर ती नाकारता येते. त्याचप्रमाणे केवळ घर दाखवण्यासाठी पैसे मागणाऱ्या दलालापासून दूर राहावे.

अकरा महिन्यांचे कोडे

भाड्याचा करार ११ महिन्यांचाच का, असा प्रश्न अनेकांना पडतो. त्याचे उत्तर जुन्या कायद्यांत आहे. १९०८च्या नोंदणी अधिनियमानुसार एका वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणे बंधनकारक आहे. ती नोंदणी टाळण्यासाठी देशभर ११ महिन्यांची प्रथा पडली.

मुंबईत तिला आणखी एक पदर आहे. १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या भाडेकरूंना संरक्षण दिले आणि भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधले. त्यामुळे घर भाड्याने दिले की ते कायमचे गेले, अशी भीती मालकांच्या मनात बसली. त्यावर तोड म्हणून 'भाडेकरू' न ठेवता केवळ राहण्याची परवानगी देणारा 'लिव्ह अँड लायसन्स' करार पुढे आला. परंतु पुढे कायद्यात दुरुस्ती होऊन १ फेब्रुवारी १९७३ रोजी अशा परवानगीने जागेत राहत असलेल्यांनाही भाडेकरूचे संरक्षण मिळाले आणि मालकांची भीती अधिकच दृढ झाली. दर ११ महिन्यांनी घर बदलायला लावणारे मालक आजही दिसतात, त्यामागे या इतिहासाची सावली आहे.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि चित्र पालटले. या कायद्याच्या कलम ५५ नुसार भाड्याचा वा लिव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार, तो कितीही मुदतीचा असो, लेखी असला पाहिजे आणि नोंदवला गेला पाहिजे. म्हणजे महाराष्ट्रात ११ महिन्यांचा करार केल्याने नोंदणी टळत नाही. निवासी जागेसाठी ०.२५ टक्के मुद्रांक शुल्काची सवलत ६० महिन्यांपर्यंतच्या करारांना आहे. म्हणून दोन वा तीन वर्षांचा करार एकदाच नोंदवणे दोघांच्याही सोयीचे ठरते. दर वर्षी भाड्यात ५ ते १० टक्के वाढ अशी अट त्यातच लिहून ठेवता येते.

हे कलम मालकांनी विशेष काळजीपूर्वक वाचावे. करार नोंदवण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. नोंदणी न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, लेखी व नोंदवलेला करार नसेल तर कोणत्या अटींवर घर दिले होते याविषयी भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. उलट, करार नोंदवलेला असेल तर कलम २४ मालकाच्या मदतीला येते. मुदत संपूनही घर न सोडणाऱ्याविरुद्ध सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि मुदतीनंतरच्या काळासाठी ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. 'ओळखीचाच मुलगा आहे, कागद कशाला?' असे म्हणून घर देणाऱ्या आपल्या ज्येष्ठांनी हे लक्षात ठेवावे. ओळख टिकावी म्हणूनच कागद करावयाचा असतो.

नोंदणीसाठी आता दुय्यम निबंधक कार्यालयात जावेच लागते असे नाही. राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर लिव्ह अँड लायसन्स कराराची ऑनलाइन नोंदणी होते. त्यासाठी दोन्ही पक्षांचे आधार कार्ड, पॅन कार्ड, अंगठ्याचा ठसा आणि दोन साक्षीदार लागतात. अधिकृत सेवा देणारे लोक यंत्र घेऊन घरी येतात. नोंदणी झाल्यावर कराराची प्रत आपल्याकडे अवश्य ठेवावी. बँकेत पत्ता बदलणे, गॅसची जोडणी, शाळेतील प्रवेश, कार्यालयात घरभाडे भत्त्याची सवलत मागणे, अशा अनेक ठिकाणी ती मागितली जाते.

करारात काय लिहिलेले असावे?

भाडे, अनामत आणि मुदत हे तर असतेच. त्याखेरीज पुढील बाबी स्पष्ट शब्दांत लिहून घ्याव्यात. सोसायटीचा मेंटेनन्स मालक भरणार की भाडेकरू? वीज, पाणी व गॅस यांची देयके कोण भरणार? मुदतीआधी घर सोडावयाचे झाल्यास किती दिवसांची सूचना द्यावयाची? किमान किती महिने राहिलेच पाहिजे अशी अट आहे काय, आणि ती दोघांनाही सारखीच लागू आहे काय? नळ, पंखा, गिझर यांची दुरुस्ती कोणाकडे? घर सोडताना रंगकाम कोणी करावयाचे? अनामत रक्कम किल्ली देण्याच्याच दिवशी परत मिळेल काय?

शेवटचा प्रश्न सर्वांत जास्त भांडणांचे मूळ आहे. घर ताब्यात घेताना भिंती, फरशी, नळ, दिवे यांची मोबाइलवर छायाचित्रे काढून मालकालाही पाठवावीत आणि विजेच्या मीटरचा आकडा नोंदवावा. सोडताना 'भिंत तुम्हीच खराब केली' असा वाद निघाल्यास ही छायाचित्रे उपयोगी पडतात. सर्व रक्कम बँकेतून वा धनादेशाने द्यावी. रोख दिल्यास सहीची पावती घ्यावी. अनामत रकमेला कमाल मर्यादा किती असावी, याविषयी केंद्र सरकारच्या २०२१च्या आदर्श भाडेकरार कायद्यात दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सुचवली आहे. तथापि असा कायदा राज्याने स्वीकारल्याखेरीज लागू होत नाही. त्यामुळे आपल्याकडे अनामत ही परस्पर संमतीनेच ठरते आणि घासाघीस करण्यास वाव राहतो.

काही ठिकाणी 'हेवी डिपॉझिट'चा प्रकार चालतो. काही लाख रुपये एकरकमी द्यावयाचे, महिन्याचे भाडे नाममात्र वा मुळीच नाही आणि घर सोडताना पूर्ण रक्कम परत. कागदावर हे आकर्षक दिसते. पण त्या घरावर मालकाने बँकेचे कर्ज घेतलेले असेल आणि हप्ते थकले असतील, तर बँक घराचा ताबा घेऊ शकते. अशा वेळी आपले लाखो रुपये मालकाकडून वसूल करण्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागते. म्हणून अशा व्यवहारापूर्वी घरावर कर्ज आहे की नाही हे मालकाला लेखी विचारावे, करारात अनामतीची पूर्ण रक्कम नमूद करावी आणि करार नोंदवावाच.

मालक खरा, इमारत खरी?

पैसे देण्यापूर्वी समोरची व्यक्ती घराची मालक आहे याची खात्री करावी. नोंदवलेल्या खरेदीखताची सूची क्रमांक दोन म्हणजे इंडेक्स टू, सोसायटीचे भागप्रमाणपत्र, मालमत्ता कराची पावती आणि वीज देयक यांवरील नाव एकच आहे ना, हे पाहावे. मालक आखाती देशात असेल, जसे आपल्याकडे अनेकदा असते, तर त्याच्या वतीने सही करणाऱ्याकडे कुलमुखत्यारपत्र असले पाहिजे. 'भाऊच आहे माझा' एवढे पुरेसे नाही.

मोबाइलवर दिसणाऱ्या जाहिरातींत फसवणुकीचा एक ठरावीक साचा आहे. मोक्याच्या जागी अतिशय स्वस्त घर, आपण लष्करात असून बदली झाल्याचे सांगणारा मालक, आणि घर दाखवण्याआधीच टोकन पाठवण्याचा आग्रह. कधी 'पैसे परत मिळवण्यासाठी हा क्यूआर कोड स्कॅन करा' असे सांगितले जाते. क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाकल्यावर खात्यातून पैसे जातात. पैसे मिळवण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. घर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. तरीही फसवणूक झालीच तर विलंब न लावता १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे. जितक्या लवकर कळवू तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक.

आता त्या स्वस्ताईविषयी. वसई-विरार पट्ट्यात अनेक इमारती परवानगीवाचून उभ्या राहिल्या आहेत. २७ ऑगस्ट २०२५ च्या मध्यरात्रीनंतर विरार पूर्वेच्या विजयनगर भागातील एका चार मजली अनधिकृत इमारतीचा मागील भाग कोसळला आणि १७ जणांना प्राण गमवावे लागले. त्याआधी २०२४-२५ च्या हिवाळ्यात नालासोपारा पूर्वेला सांडपाणी प्रकल्प व कचराभूमीसाठी राखीव असलेल्या जमिनीवरील ४१ अनधिकृत इमारती न्यायालयाच्या आदेशानुसार पाडण्यात आल्या आणि शेकडो कुटुंबे उघड्यावर आली. अशा घटनांत मालकाची सदनिका जाते, तर भाडेकरूचा संसार आणि अनामत रक्कम दोन्ही जातात. आणि इमारतच कोसळली तर जीवही जातो.

म्हणून दोन-तीन हजार रुपये वाचतात एवढ्याच कारणाने कोणतेही घर घेऊ नये. सोसायटीच्या सचिवाला भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, आहे काय हे विचारावे. महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात इमारतीला नोटीस बजावली आहे काय, ती धोकादायक इमारतींच्या यादीत आहे काय, याची चौकशी करता येते. इमारत ३० वर्षांहून जुनी असल्यास तिची संरचनात्मक तपासणी झाली आहे काय हे पाहावे. खांबांना पडलेल्या उभ्या भेगा, स्लॅबमधून डोकावणाऱ्या गंजलेल्या सळया, जिन्याखाली झिरपणारे पाणी ही लक्षणे दिसली तर त्या घराचा विचार सोडून द्यावा.

पावसाळ्याचाही विचार करावा. जुलै २०१८ मध्ये वसई आणि नालासोपारा परिसर अनेक दिवस पाण्याखाली होता, हे आपण विसरलेलो नाही. तळमजल्याचे घर पाहताना शेजाऱ्यांना 'इथे पाणी किती चढते?' असे सरळ विचारावे. खरे उत्तर दलालापेक्षा शेजारीच देतो. तसेच महापालिकेचे पाणी किती वेळ येते आणि टँकर किती वेळा मागवावा लागतो, हेही त्याच्याकडूनच कळते.

सोसायटी, पोलीस आणि शेजारी

भाडेकरू ठेवल्याबद्दल सोसायटी मालकाकडून बिनभोगवटा शुल्क घेते. राज्य सरकारच्या १ ऑगस्ट २००१ च्या परिपत्रकानुसार हे शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक असता कामा नये. मनमानी रक्कम मागितली जात असेल तर मालकाने हे परिपत्रक दाखवावे. भाडेकरूची माहिती स्थानिक पोलीस ठाण्याला कळवणे ही मालकाची जबाबदारी आहे. वेळोवेळी निघणाऱ्या पोलीस आदेशांमुळे ती न पाळल्यास गुन्हा दाखल होऊ शकतो. हे काम ऑनलाइनही होते. भाडेकरूने त्याला अपमान समजू नये.

एका दुखऱ्या बाबीचा उल्लेख करणे भाग आहे. आपल्यापैकी अनेकांना घर शोधताना 'मांसाहारी लोकांना देत नाही' किंवा आडनाव ऐकून 'घर गेले' असे उत्तर मिळालेले आहे. एकट्या राहणाऱ्या मुलींनाही असाच अनुभव येतो. त्याचे दुःख सर्वांना होते. परंतु आपण स्वतः मालक असतो तेव्हा परप्रांतीय मजुराला, दुसऱ्या धर्माच्या कुटुंबाला किंवा विधवा बाईला आपल्या दारी कोणते उत्तर मिळते, याचाही विचार प्रामाणिकपणे झाला पाहिजे. कागदपत्रे पाहावीत, नोंदणी करावी, पोलिसांना कळवावे. या साऱ्या खबरदाऱ्या घेतल्यावर माणसाला आडनावावरून परत पाठवण्याचे कारण उरत नाही.

शेवटी

घर शोधण्यास निदान दोन महिने आधी आरंभ करावा. मे महिन्यात, शाळा सुरू होण्यापूर्वी, मागणी वाढते आणि भाडेही चढते. पावसाळ्याच्या मध्यावर घासाघीस करणे सोपे जाते आणि गळती कुठे आहे तेही दिसते. एक घर दोनदा पाहावे, एकदा दिवसा व एकदा रात्री. आपल्या धर्मग्रामातील ओळखीच्या कुटुंबांना, समूहातील सभासदांना सांगून ठेवावे. अनेक चांगली घरे दलालापर्यंत पोहोचण्याआधीच अशा ओळखीतून दिली जातात आणि एका महिन्याच्या भाड्याची बचत होते. मात्र ओळखीतून मिळालेल्या घराचाही करार नोंदवावा.

भाड्याचे घर हे परक्याचे घर असले तरी तेथे घालवलेली वर्षे आपल्याच आयुष्याची असतात. मुलांची पहिली पावले, त्यांचा अभ्यास, आजारपणे आणि सण याच चार भिंतींत होतात. भाडेकरूने ते घर आपले समजून जपावे आणि मालकाने अनामत रक्कम ही दुसऱ्याची ठेव समजून सांभाळावी. नोंदवलेला करार आणि दिलेला शब्द या दोन्ही गोष्टी पाळल्या गेल्या, तर घर सोडताना किल्ली परत देण्याचा दिवस वादाचा न होता निरोपाचा होईल.